यादीतला सतरावा गुडघा

आरोग्य खात्याच्या वरच्या कचेरीतून यादी आली ती सोमवारी, ऐन गर्दीच्या वेळी. चाळीस नावं, त्यांचे फोन नंबर आणि सोबत प्रत्येकासाठी अकरा प्रश्नांचा एक कागद. गेल्या दोन वर्षांत गुडघेदुखीसाठी या दवाखान्यात आलेल्या माणसांना फोन करायचा, प्रश्न जसेच्या तसे वाचून दाखवायचे, उत्तरं भरायची आणि महिनाअखेर कागद परत धाडायचे. डॉक्टरांनी तो गठ्ठा उलटसुलट करून पाहिला आणि नेहमीप्रमाणे सिस्टरपुढे सरकवला.

"तुम्हीच करा," ते म्हणाले. "मी फोन केला तर लोकांना वाटेल, रिपोर्टमध्ये काहीतरी वाईट निघालं."

सिस्टरला या दवाखान्यात एकोणीस वर्षं झाली होती. दवाखाना म्हणजे एकामागे एक तीन खोल्या. पहिलीत बाकं, दुसरीत डॉक्टर, तिसरीत सिस्टर आणि तिचा संसार: औषधांचं लोखंडी कपाट, वजनकाटा, पडद्याआडची खाट, फोन. सकाळच्या पाळीला साठ-सत्तर माणसं व्हायची. डॉक्टरांच्या हाताला गुण होता असं लोक म्हणत, आणि ते खोटं नव्हतं. एकदा पाहिलेला माणूस ते विसरत नसत; तुमच्या भावाचं पोट आता कसं आहे, हेही विचारत. फक्त हे सगळं ते चार मिनिटांत बसवत. आत गेलेला माणूस शर्टाचं बटण लावत बाहेर यायचा, कारण आत लावायला वेळ नसायचा.

गुडघ्याचं तर त्यांचं ठरूनच गेलं होतं. गुडघा दाबायचा, वाकवायचा, आतून कुरकुर येते का ते तळव्याला जाणवू द्यायचं आणि सांगायचं, "झीज आहे. वयाचं आहे." मग गोळी, मलम, जमलं तर वजन कमी करा. केस-पेपरवर शेवटची ओळ ठरलेली असायची: 'व्यायाम व वजन यांबद्दल सांगितले.' ती ओळ त्यांच्या हाताला इतकी सवयीची झाली होती, की 'व्यायाम' या शब्दाचं आता नुसतं एक वेटोळं उरलं होतं.

सिस्टरनं दुपारचे दोन तास फोनसाठी काढले. पहिल्या दिवशी तिला वाटलं होतं, हो-नाही-आठवत नाही, पाच मिनिटांत एक माणूस निकालात निघेल. पण गुडघा दुखणाऱ्या माणसाला गुडघ्याबद्दल विचारलं, की ते पाच मिनिटांचं काम राहत नाही. शिवाय कागदावर एक खोच होती. 'गुडघ्यामुळे रोजची कुठली कामं जमत नाहीत, असं तुम्हाला कुणी विचारलं का?' या प्रश्नाला उत्तर 'नाही' आलं, तर पुढे छापलं होतं: 'आता विचारून लिहा.'

आणि उत्तर 'नाही'च येत होतं.

तिसऱ्या नंबरवर एक फरशीवाला होता. पंचेचाळिशीचा माणूस, पंचवीस वर्षं गुडघ्यांवर बसून लोकांच्या घरांत टाइल बसवलेल्या. डॉक्टरांनी त्याला विश्रांती घ्या म्हणून सांगितलं होतं. त्यानं तीन आठवडे घेतली, मग घरात बसून खायचं काय म्हणून पुन्हा कामावर गेला आणि आता गोळी घेऊन एक खोली, गोळी घेऊन दुसरी खोली असं चाललं होतं. "तुम्ही काम काय करता, हे विचारलं होतं का?" सिस्टरनं विचारलं. तो म्हणाला, नाही, पण माझ्या पँटीच्या गुडघ्यांवर सिमेंट होतं, त्यांना दिसलं असेल.

एक बाई दोन गोळ्या घेत होत्या. एक दवाखान्याची पांढरी, दुसरी कोपऱ्यावरच्या औषधवाल्याकडची गुलाबी. दोन्ही एकाच जातीच्या, नावं तेवढी वेगळी. पोटात आग पडायची, ती त्यांना गुडघ्याचीच एक फांदी वाटत होती. सिस्टरनं प्रश्न तिथेच थांबवले, त्यांना गुलाबी आजपासून बंद करायला सांगितली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी येऊन डॉक्टरांना भेटा म्हणून दोनदा बजावलं. मग बाकीचे प्रश्न पूर्ण केले, कारण कागद अर्धा ठेवून चालणार नव्हतं.

व्यायामाच्या प्रश्नापाशी येऊन मात्र सगळ्यांची गाडी एकाच ठेसनावर थांबत होती. 'गुडघ्याभोवतीचे स्नायू बळकट करण्याचे व्यायाम कुणी समजावून किंवा करून दाखवले का?' नाही. नाही. नाही हो. चाला म्हणाले होते बहुतेक. एकानं उलट विचारलं, व्यायाम? झिजलेल्या गोष्टीला आणखी घासायचं कशाला? मंगळवारच्या दुपारपर्यंत कागदामागून कागद 'नाही'चीच चौकट भरत गेली आणि सिस्टरच्या मनात पाल चुकचुकली. पण ती डॉक्टरांना काही बोलली नाही. आधी यादी संपवू, मग बघू.

यादीत सतराव्या नंबरवर तिच्या सासूबाई होत्या.

सासूबाईंनी एकतीस वर्षं चपला-बुटांच्या दुकानात काढली होती. गिऱ्हाईक स्टुलावर बसायचं आणि या समोर उकिडव्या, एक गुडघा जमिनीला टेकून, त्याच्या पायात बूट चढवायच्या. दिवसाला तीस-चाळीस गिऱ्हाइकं. माणसाचा चेहरा त्यांना उशिरा लक्षात राहायचा, टाच आधी. निवृत्त झाल्यावर दोनेक वर्षांत उजव्या गुडघ्यानं हिशेब चुकता करायला घेतला. सिस्टरनंच त्यांना डॉक्टरांकडे नेलं होतं, ओळखीचं म्हणून रांगेत मध्येच घुसवलं होतं, आणि घरी आल्यावर पहिल्या मजल्यावरच्या त्या घरात सासूबाईंना राणीसारखं ठेवलं होतं. खुर्ची खिडकीपाशी, हाताशी टेबल, टेबलावर चष्मा, रेडिओ, गोळ्या. "आई, तुम्ही बसा, मी देते," हे वाक्य त्या घरात दिवसातून वीस वेळा ऐकू यायचं. गेल्या आठ महिन्यांत सासूबाई जिना उतरल्या होत्या त्या दोनदा, दोन्ही वेळा दवाखान्यातच जायला. त्याही गुडघ्यासाठी नव्हे, लघवीची जळजळ होत होती म्हणून.

मंगळवारी संध्याकाळी सिस्टरनं कागद घरी नेला. म्हटलं, उत्तरं आपल्याला माहीतच आहेत, दोन मिनिटांत विचारून टाकू. सासूबाईंनी चष्मा लावून कागद वाचला आणि परत दिला.

"यावर फोनवर विचारावं असं लिहिलंय."

"अहो आई, तुम्ही समोर बसल्या आहात."

"बाकीच्या एकोणचाळीस जणांना फोन. मग मलाच का नाही? उद्या दुपारी कर. मी घरीच असते."

सिस्टरच्या नवऱ्याला हसू आवरेना. पण सासूबाई दुकानातही अशाच होत्या. उजव्या पायाचं माप घेतलं म्हणून डावा तसाच असेल, असं त्यांनी कधी धरलं नाही. त्यांच्यापुढे कुणाची डाळ शिजली नसती.

तेव्हा बुधवारी दुपारी सिस्टरनं स्वतःच्याच घरी फोन लावला. आधी तिला ते पोरखेळासारखं वाटत होतं. तरी तिनं नियमाप्रमाणे दवाखान्याचं नाव सांगितलं, वेळ आहे का विचारलं. पलीकडून तितक्याच नियमाप्रमाणे उत्तर आलं, की वेळच वेळ आहे.

दुखणं शून्य ते दहांत किती? बसल्यावर तीन, जिना नुसता बघितला तरी सहा. गोळी किती वेळा? सांगितलीय तेवढीच. गुडघ्यामुळे कुठली कामं जमत नाहीत, असं कुणी विचारलं का? नाही.

"मग आता विचारते," सिस्टर म्हणाली. "कुठलं काम जमत नाही?"

पलीकडे रेडिओ बंद केल्याचा आवाज आला.

"घरी येऊन यावर चर्चा नाही ना करायची?" सासूबाईंनी विचारलं.

"नाही करणार."

"संडासात बसले की उठता येत नाही. एका हातानं नळ धरते, दुसरा भिंतीला. नळ आताशा हलायला लागलाय. एकदा दहा मिनिटं तशीच बसून होते. तुम्ही सगळे बाहेर होता, ते बरंच झालं म्हणा. मग मी दुपारनंतर पाणी प्यायचंच सोडलं. पाणी नाही प्यायलं की जावं लागत नाही."

सिस्टरच्या हातातलं पेन कागदावर टेकलेलं तसंच राहिलं. रोज रात्री ती टेबलावर तांब्या भरून ठेवायची आणि रोज सकाळी तो भरलेलाच उचलायची. तिला वाटायचं, आई विसरतात. वर्षात दोनदा लघवीला जळजळ झाली, दोन्ही वेळा तिनंच औषध आणून दिलं, पाणी भरपूर प्या म्हणून सांगितलं. एकाच छताखाली राहून तिला हे कळलं नव्हतं आणि कचेरीतल्या कुणा न पाहिलेल्या माणसानं छापलेल्या एका ओळीनं ते बाहेर काढलं होतं.

तिनं लिहिलं. नेमकं कसं लिहावं हे तिला सुचेना, म्हणून सासूबाई बोलल्या तसंच लिहिलं. मग व्यायामाचा प्रश्न वाचला.

"नाही," सासूबाई म्हणाल्या. "डॉक्टरांनी नाही शिकवले. आमच्या घरात एक सिस्टर आहे, तिनंही नाही. पोरगी फार चांगली आहे. मला जागचं हलू देत नाही."

त्यात टोमणा नव्हता, हीच तर पंचाईत होती. टोमणा असता तर सिस्टरला रागावता आलं असतं.

"शेवटचा प्रश्न. मिळालेल्या उपचाराबद्दल तुम्ही समाधानी आहात का?"

"हो लिही. डॉक्टर देवमाणूस आहेत."

फोन ठेवल्यावर सिस्टर उठली आणि औषधांच्या कपाटापाशी गेली. कपाटाच्या माथ्यावर, रिकाम्या खोक्यांच्या मागे, तिला हवं होतं ते होतं. सुतळीनं बांधलेला पत्रकांचा गठ्ठा. 'गुडघेदुखी: घरी करायचे सहा व्यायाम,' वर चित्रं. सहा वर्षांपूर्वी पाचशे पत्रकं आली होती. डॉक्टर तेव्हा म्हणाले होते, सिस्टर, गुडघ्याचा पेशंट आला की एक द्या आणि नीट समजावून सांगा. तिनं आठ-दहा दिवस दिलीही होती. मग लहान मुलांच्या लसीकरणाची मोहीम आली, दोन महिने श्वास घ्यायला फुरसत नव्हती, आणि गठ्ठा मध्ये येतो म्हणून तिनं स्वतःच्या हातानं वर टाकला. त्यानंतर वर पाहिलं ते पंख्याची जाळी पुसायला. बोट फिरवलं तर धूळ बोटभर निघाली. तिनं पत्रकं मोजली नाहीत. गठ्ठ्याची जाडी बघूनच कळत होतं.

यादी शुक्रवारी संपली. दोन नंबर बंद लागले, अडतीस माणसांची उत्तरं मिळाली. सिस्टरनं बेरजा केल्या आणि दवाखाना सुटल्यावर, डॉक्टर हात धूत असताना, कागद टेबलावर ठेवले.

डॉक्टरांनी आधी शेवटचा रकाना पाहिला. "अडतीसपैकी पस्तीस समाधानी. वाईट नाही."

"वरचं बघा, सर."

त्यांनी वरचं पाहिलं. व्यायाम शिकवले: पाच हो, तीन आठवत नाही, तीस नाही. काय जमत नाही हे विचारलं: दोन हो. त्यांच्या कपाळावरची शीर उठली. पेशंट विसरतात, ते म्हणाले, निम्म्यांना आपण सकाळी काय खाल्लं ते आठवत नाही. मी प्रत्येकाला सांगतो. माझ्या केस-पेपरवर लिहिलेलं असतं. त्यांनी तिला चार केस-पेपर काढायला लावले, आणि खरंच चारही ठिकाणी ती ओळ होती, वेटोळ्यासकट.

सिस्टरनं दोन दिवस मनाशी ठरवून ठेवलं होतं, की इथं तोंड बंद ठेवायचं. एकोणीस वर्षांत ती या माणसाला उलट शब्द बोलली नव्हती. पण पाणी न पिणारी सासू डोळ्यांसमोरून जाईना.

"सर, तुम्ही सांगता," ती म्हणाली. "पण दारापाशी सांगता. 'हालचाल ठेवा हं' म्हणता, तोवर पुढचा माणूस आत आलेला असतो. त्यांना वाटतं, तुम्ही निरोप देताय."

डॉक्टरांनी केस-पेपर मिटून ठेवले.

"आणि बाकीचं माझं आहे," असं म्हणून तिनं मागच्या खोलीतून गठ्ठा आणून टेबलावर ठेवला. सुतळी अजून तशीच होती. "तुम्ही लिहीत होता, कारण तुम्हाला वाटायचं मी समजावते. मी समजावत नव्हते, कारण मला वाटायचं तुम्ही आत सांगितलेलंच असणार. सहा वर्षं."

डॉक्टरांनी एक पत्रक ओढून काढलं आणि उभ्या उभ्या पूर्ण वाचलं. बहुधा पहिल्यांदाच. मग खुर्चीत बसले. मग विचारलं, तुमच्या सासूबाई पण या तिसात आहेत का? सिस्टर हो म्हणाली, पण त्यांनी फोनवर काय सांगितलं ते तिनं सांगितलं नाही; चर्चा करणार नाही म्हणून शब्द दिला होता. कागदावर लिहिलेलं होतंच. डॉक्टरांनी सतरावा कागद काढून वाचला आणि चष्मा काढून बराच वेळ रुमालानं पुसत राहिले.

"मी त्यांना वर्षात दोनदा तेच औषध लिहून दिलंय," ते शेवटी म्हणाले. "पाणी का पीत नाही, हे विचारायचं मला सुचलं नाही."

कचेरीला काय धाडायचं, हा प्रश्न राहिला. आकडे बघून तिकडे कुणाच्या तरी भुवया वर गेल्या असत्या. आठवत नाही म्हणणाऱ्यांना 'हो'त ढकललं असतं तर कुणाला कळलंही नसतं. पण डॉक्टरांनीच कागद एकत्र करून टाचणी लावली. "आहे तसं जाऊ दे," ते म्हणाले, आणि उठून मोठ्या इस्पितळात फोन लावला. तिथल्या व्यायाम शिकवणाऱ्या बाईंना ते ओळखत होते. ओळखत होते म्हणजे, 'पेशंट माझ्याकडे पाठवा' ही बाईंची विनंती डॉक्टरांनी चार वर्षांपूर्वी एकदा ऐकून घेतली होती.

बाई महिन्यातले दोन गुरुवार यायला तयार झाल्या. उरलेले गुरुवार सिस्टरनं घ्यायचे, त्यांनी शिकवलेलं पुन्हा करून घ्यायचं. दुपारी चार ते पाच, बाहेरच्या खोलीत, बाकं भिंतीला सरकवून. सिस्टरनं अडतीस जणांना पुन्हा फोन केले. वीस जण येतो म्हणाले. पहिल्या गुरुवारी चौघं आली: फरशीवाला, दोन गोळ्यांच्या बाई, एक निवृत्त ड्रायव्हर आणि सासूबाई.

सासूबाईंना आणणं हाच अर्धा व्यायाम होता. पहिल्या मजल्यावरून खाली यायला बावीस पायऱ्या. सिस्टरनं सवयीनं त्यांचा दंड धरला. व्यायामाच्या बाईंनी आदल्या दिवशी फोनवर सांगितलं होतं, दंड धरू नका, एक पायरी पुढे राहा. कठड्याला हात त्यांचा त्यांना लावू दे. उतरताना दुखरा पाय आधी, चढताना चांगला आधी. सिस्टरनं दंड सोडला आणि ती एक पायरी पुढे उतरली. बावीस पायऱ्यांना अकरा मिनिटं लागली. खालच्या मजल्यावरची शेजारीण दार उघडून बघायला आली आणि सासूबाईंनी तिला घामाघूम चेहऱ्यानं सांगितलं, की आत जा, तमाशा नाही हा.

व्यायाम बघायला गेलं तर काहीच नव्हते. खुर्चीत ताठ बसायचं, एक पाय समोर सरळ करायचा, मांडी आवळायची, पाच आकडे मोजायचे, सोडायचं. मग खुर्चीवरून हात न लावता उठायचं आणि धपकन न पडता सावकाश बसायचं. "एवढंच?" फरशीवाला म्हणाला. दहाव्यांदा उठताना त्याची मांडी लटपटायला लागली तेव्हा त्यानं तो शब्द मागे घेतला.

पहिले पंधरा दिवस वाईट गेले. सासूबाईंचा गुडघा जास्तच ठणकायला लागला. संध्याकाळी त्या पाय उशीवर ठेवून बसत आणि कुणाशी बोलत नसत. एकदा म्हणाल्या, बसून होते ते बरं होतं, निदान दुखणं ओळखीचं होतं. नवरा सिस्टरला बाजूला घेऊन म्हणाला, अगं, आईला उगाच कशाला छळतेस. सिस्टरच्याही जिभेवर आलं होतं, की असू दे आई, बसा तुम्ही. तिनं ते गिळलं. बाईंनी सांगितलं होतं, थोडं दुखणार. दुखणं दुसऱ्या सकाळपर्यंत उतरत असेल तर चालू ठेवायचं, नाही उतरलं तर आकडे कमी करायचे. तेव्हा ती रोज सकाळी फक्त एवढंच विचारायची, रात्रीचं उतरलं का? सासूबाई मान हलवायच्या. मग ती आणखी काही न बोलता डबा घेऊन कामावर जायची. एकोणीस वर्षांची नोकरी सोपी वाटावी, इतकं हे गप्प राहणं तिला अवघड गेलं.

संडासाचं काम फरशीवाल्यानं केलं. सिस्टरनं त्याला एवढंच विचारलं होतं, की भिंतीला धरायला दांडी बसवायची तर टाइल फुटेल का. तो पुढच्या रविवारी ड्रिल मशीन घेऊन दारात हजर. गुडघे टेकायचे नाहीत असं त्यालाही सांगितलेलं होतं, म्हणून त्यानं चाकं लावलेला एक बुटका पाट बनवून घेतला होता आणि त्यावर बसून तो बाथरूमभर घरंगळत काम करत होता. दांडी कितीवर हवी, म्हणून त्यानं विचारलं. सिस्टर माप सांगायला पुढे झाली, तर सासूबाईंनी तिला बाहेर काढलं आणि दार लोटून घेतलं. आतून थोडा वेळ बोलण्याचे आवाज आले, मग ड्रिलचा. कमोडची बैठकही त्यानं चार बोटं उंच करून दिली. जाताना सासूबाईंनी त्याच्या बुटांकडे पाहिलं आणि सांगितलं, की टाचा एका बाजूनं झिजल्यात, हे फेकून दे आणि सपाट, मऊ तळाचे घे. वजन बाहेरच्या बाजूला पडतंय तुझं. तो म्हणाला, काकू, हे डॉक्टरांनी सांगायला हवं होतं. सासूबाई म्हणाल्या, डॉक्टर गुडघ्याखाली बघतात कुठे.

डॉक्टर बघायला लागले होते. एकदम नाही, आणि रोज नाही. गर्दीच्या दिवशी अजूनही माणूस बटण लावत बाहेर यायचा. पण गुडघ्याचा पेशंट असला, की ते आता पेन खाली ठेवून विचारत, काम काय करता, आणि काय जमत नाही. यात चाराची आठ मिनिटं व्हायची. बाहेर रांग कुरकुरायची आणि ती कुरकुर सिस्टरलाच झेलावी लागायची. 'सांगितले' ही ओळ त्यांनी लिहायची सोडली. ती ओळ आता सिस्टर लिहायची, तीही पेशंटनं तिच्यासमोर पाय उचलून दाखवल्यावर.

सगळ्यांचं सारखं झालं असं नाही. ड्रायव्हर तीन गुरुवारांनंतर यायचा बंद झाला. त्याला सुई हवी होती, खुर्ची नको होती. दोन गोळ्यांच्या बाईंचं पोट शांत झालं, गुडघा मात्र जेमतेम. फरशीवाल्याच्या डाव्या गुडघ्यात काही राहिलंच नव्हतं. डॉक्टरांनी त्याला मोठ्या इस्पितळात पाठवलं, तिथं बदलावाच लागेल म्हणाले आणि सात महिन्यांनंतरची तारीख मिळाली. तोवर तो भाच्याला हाताशी घेऊन स्वतः उभ्यानं मापं आणि कापणी करतो, बसवण्याचं काम भाचा करतो. मिळकत कमी झाली, पण गोळी घेऊन एक खोली, हा प्रकार थांबला. सासूबाईंचं दुखणं बसल्यावर दोन, जिन्यावर चार. गेलं नाही. पण बावीस पायऱ्यांना आता तीन मिनिटं लागतात आणि मधल्या वळणावर त्या थांबतात, ते दम घ्यायला नव्हे, शेजारणीशी बोलायला. तांब्या सकाळी रिकामा असतो. त्याबद्दल सिस्टर घरात अवाक्षर काढत नाही.

एका गुरुवारी सिस्टर तापानं फणफणली. बाईंचाही तो गुरुवार नव्हता. तिनं पडल्या पडल्या डॉक्टरांना कळवलं, की आजचा तास राहू दे. सासूबाईंनी ते ऐकलं, साडी नीट केली, काठी घेतली आणि चपला घालून एकट्याच निघाल्या. सिस्टर उठायला लागली तर त्यांनी तिला हातानंच थोपवलं.

त्या सहाच्या सुमारास परतल्या. पलंगापाशी खुर्ची ओढून हात न टेकता बसल्या आणि वृत्तांत दिला. नऊ जण आले होते. आकडे मोठ्यानं मोजायला लावले, तर डॉक्टरांनी आतून दार उघडून जरा हळू म्हणून सांगितलं, पेशंटची छाती ऐकू येत नाही म्हणे. एक नवीन बाई आल्या होत्या, शाळेत सफाईचं काम करणाऱ्या. आल्या तेव्हा दाराशीच उभ्या होत्या, बसायलाच तयार नव्हत्या.

"मग?" सिस्टरनं विचारलं.

"मग मी त्यांना मागच्या खोलीत नेलं, तुझ्या. आणि विचारलं, काय जमत नाही."

"काय म्हणाल्या?"

सासूबाईंनी तिच्याकडे जरा रोखून पाहिलं.

"ते त्यांनी मला सांगितलंय," त्या म्हणाल्या. "पुढच्या गुरुवारी येणार आहेत, तेव्हा तू तुझं विचार."

मग त्यांनी सिस्टरच्या कपाळावर हात ठेवून ताप पाहिला, अजून आहे म्हणाल्या, आणि स्वयंपाकघरात चहा टाकायला गेल्या.